लॅबमध्ये जिवाणूंचं कल्चर सांडलं तर काय करायचं: टेबल आणि स्पिल नीट निर्जंतुक करायची पूर्ण पद्धत

कल्चर (म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले जिवाणू) सांडलं, म्हणजे स्पिल झाला, की बहुतेक लॅबमध्ये एकच प्रकार होतो. जवळ उभा असलेला माणूस टिश्यूचा गठ्ठा ओढतो, भराभर पुसतो, वरून स्पिरिटचा फवारा मारतो, परत एकदा पुसतो आणि "झालं" म्हणून पुढच्या प्लेटकडे वळतो. टेबल दिसायला चकाचक, आणि यातली जवळजवळ प्रत्येक पायरी चुकलेली. पहिल्या पुसण्यात सांडलेलं वीतभराचं हातभर झालं, गठ्ठा मुठीत धरल्यामुळे ते ग्लोव्हजवर आलं, फवाऱ्याने बारीक थेंब हवेत उडाले, स्पिरिट बघता बघता उडून गेलं म्हणजे जिवाणू मरायला जो वेळ लागतो तो मिळालाच नाही, आणि ज्या वेळात तिथून लांब असायला हवं होतं त्या वेळात हा माणूस नेमका त्यावर वाकून उभा.

म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. साल्मोनेला, शिगेला, स्टॅफ, ई. कोलाय, स्यूडोमोनास असल्या रोजच्या जिवाणूंसाठी मुख्य पद्धत दिली आहे, टीबी, ब्रुसेला आणि स्पोर (कडक कवचातलं सुप्त रूप) बनवणाऱ्या जिवाणूंचं जिथे वेगळं आहे तिथे वेगळं सांगितलंय. तुमच्या लॅबची स्वतःची एसओपी (लिखित कार्यपद्धती) असेल तर आकडे तिच्यातले धरा, क्रम मात्र इथला तपासून बघा कारण गोंधळ बहुतेक वेळा क्रमातच असतो.

## १. आधी हे ठरवा: समोर कोण आहे आणि कशावर आहे

सगळ्या जिवाणूंना एकच औषध चालतं हा सगळ्यात मोठा गैरसमज. साधे वाढणारे जिवाणू, म्हणजे वर नावं घेतली ते, तसे लवकर मरतात, ७०% अल्कोहोल, हायपो (ब्लीचचं द्रावण), हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काहीही नीट वापरलं तर चालतं. टीबीच्या जिवाणूची भिंत मेणासारखी असते, त्यामुळे क्वॅट (क्वाटर्नरी अमोनियम) प्रकारची जी सुगंधी क्लीनर द्रावणं मिळतात ती त्याच्यावर भरवशाची नाहीत, बाटलीवर टीबीवर चालतं असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. आणि स्पोर, म्हणजे अँथ्रॅक्सचा बॅसिलस किंवा क्लॉस्ट्रिडियम गटातले, यांच्यावर अल्कोहोल काही करत नाही. अजिबात नाही. स्पोर असलेल्या टेबलावर तुम्ही दिवसभर स्पिरिट फासलं तरी स्पोर जिवंतच राहणार, तिथे हायपो, पेरॅसेटिक अॅसिड किंवा स्पोरवर चालणारं पेरॉक्साइडच लागतं, तेही जास्त वेळ ठेवून.

क्वॅटबद्दल अजून एक, स्यूडोमोनास आणि त्याच्या भाऊबंदांना पातळ केलेल्या, जुन्या क्वॅट द्रावणात चक्क जगता येतं. त्यामुळे महिनाभर तीच बाटली वरून पाणी घालून भरत राहणं म्हणजे जिवाणू पुसण्याऐवजी पेरणं. बाटली पूर्ण संपवा, धुवा, वाळवा, मग नवीन भरा.

दुसरं बघायचं ते पृष्ठभाग. गुळगुळीत, अखंड, पाणी न शोषणारा टॉप असेल तर सोपं. लाकूड, तडा गेलेला सनमायका, टेबलाच्या कडेची उखडलेली पट्टी, कापडी खुर्ची, हे सगळं खरं तर निर्जंतुक होत नाही, द्रावण वरवर राहतं आणि जिवाणू भेगेत बसतात. अशा जागी कल्चरचं काम करूच नका. नाइलाज असेल तर खाली प्लास्टिक असलेला शोषक कागद अंथरून त्यावर काम करा आणि काम संपलं की तो कागद गुंडाळून कचऱ्यात.

तपासा: टेबलाच्या कडेवरून, सिंकच्या जोडावरून बोट फिरवा (आधी ग्लोव्हज घाला). बोट अडखळलं तर तिथे द्रावणही नीट पोचत नाही.

## २. द्रावण बनवणं: इथेच अर्धा खेळ हरतो

हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, स्पिलसाठी सगळ्यात जास्त वापरलं जातं, आणि सगळ्यात जास्त चुकीचं बनवलं जातं. "एकास दहा" एवढंच सगळ्यांच्या तोंडात असतं. पण कशाचं एकास दहा? बाटली ४% ची आहे, ५% ची आहे का १०% ची? आधी लेबल वाचा.

स्पिलसाठी साधारण ०.५% म्हणजे ५००० पीपीएम (दहा लाख भागांत ५००० भाग) क्लोरीन धरतात. १ लिटर द्रावणासाठी हिशोब असा:

- बाटली ४% ची असेल तर १२५ मिली हायपो आणि ८७५ मिली पाणी
- ५% ची असेल तर १०० मिली हायपो आणि ९०० मिली पाणी
- १०% ची असेल तर ५० मिली हायपो आणि ९५० मिली पाणी

रक्त, थुंकी, सीरम, ब्रॉथ (जिवाणू वाढवायचं पातळ खाद्य) असं प्रोटीनवालं काही जास्त सांडलं असेल तर १% लागतं, म्हणजे हायपो वरच्या दुप्पट आणि पाणी त्या प्रमाणात कमी. कारण क्लोरीन जिवाणू आणि प्रोटीन असा भेदभाव करत नाही, आधी जे समोर येईल त्यावर खर्च होतं. आणि अजून एक गोष्ट जी सहसा कुणी मोजत नाही: १०० मिली ब्रॉथ सांडला आणि त्यावर तुम्ही १०० मिली ०.५% ओतलं तर तिथे आता ०.२५% च आहे, त्यातलं निम्मं ब्रॉथने खाल्लं तर उरलं काय? म्हणून मोठं डबकं असेल तर सरळ १% घ्या.

पातळ केलेलं हायपो रोजच्या रोज ताजं बनवायचं. उजेड, उष्णता आणि झाकण उघडं राहणं, या तिन्हींनी ते उतरतं. बाटली अपारदर्शक घ्या, त्यावर टक्केवारी, तारीख, वेळ आणि बनवणाऱ्याची सही टाका. मूळ बाटलीही उन्हात किंवा ऑटोक्लेव्हच्या (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) शेजारी गरम कोपऱ्यात ठेवली की महिन्यांत कमजोर होते, लेबलवर ५% छापलंय म्हणून आतही ५% आहे असं नाही. क्लोरीन तपासायच्या पट्ट्या मिळतात, नवीन डबा उघडताना आणि नंतर अधूनमधून वापरा. वासावर जाऊ नका, कमजोर हायपोलाही वास भरपूर येतो.

अल्कोहोल ७०% च का? कारण जिवाणूच्या प्रोटीनचं काम बिघडवायला पाणी लागतं, ९५ किंवा १००% अल्कोहोल त्यामानाने कमी पडतं आणि उडूनही लवकर जातं. "जास्त स्ट्राँग घेतलंय सर" हे वाक्य अल्कोहोलच्या बाबतीत फुशारकीचं नाही. अल्कोहोल छोट्या, आधीच स्वच्छ केलेल्या जागेला आणि उपकरणांना ठीक, स्पिलला मुख्य औषध म्हणून नको.

सावधान, हे कधीच एकत्र करू नका:
हायपो आणि अॅसिड (टॉयलेट क्लीनरसुद्धा त्यात आलं) एकत्र झालं की क्लोरीन वायू सुटतो. हायपो आणि अमोनिया, क्लोरामाइन वायू. हायपो आणि अल्कोहोल पण नको, विषारी संयुगं बनतात. आणि जे मॉलिक्युलर काम करतात त्यांनी हे भिंतीवर लिहून लावावं: डीएनए-आरएनए काढायच्या किटमधल्या लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) बऱ्याचदा ग्वानिडीन असतं, त्यावर हायपो ओतलं की सायनाइडसारखे विषारी वायू निघू शकतात. कल्चर आणि लायसिस बफर दोन्ही एकत्र सांडलं असेल तर हायपोच्या बाटलीला हात लावू नका, दुसरं औषध वापरा.

## ३. स्पिल किट: डबा आहे, पण आत काय आहे?

किट लॅबच्या दाराजवळ, शक्य असेल तर बाहेरच्या बाजूला पाहिजे. कपाटात आत, त्याच खोलीत, जिथे सांडलंय त्याच्या पलीकडे ठेवलेला किट काय कामाचा.

आत एवढं पाहिजे: जाड आणि पातळ असे दोन्ही ग्लोव्हज, पुढून बंद गाऊन, गॉगल किंवा फेस शील्ड, एन-९५ मास्क, शू कव्हर, शोषक कागद किंवा टिश्यूचा जाड रोल, लांब चिमटा, टाकून देता येतील असे दोन पुठ्ठे किंवा प्लास्टिकची सुपली, बायोहॅझर्ड पिशव्या, सुया-काचेसाठी कडक डबा, "आत येऊ नका" पाटी, चिकटपट्टी, मार्कर, टायमर, आणि न पातळ केलेलं हायपो आणि खुणा केलेली रिकामी बाटली. पातळ केलेलं हायपो किटमध्ये भरून ठेवू नका, गरज पडेल त्या दिवशी ते पाणी झालेलं असेल. क्लोरीनच्या गोळ्या मिळत असतील तर किटसाठी त्या उत्तम, टिकतात आणि हिशोब सोपा.

टायमर मुद्दाम लिहिलाय. फोन खिशातून काढून वेळ बघणारे ग्लोव्हजसकट काढतात.

तपासा: महिन्यातून एकदा किट उघडा. मास्कच्या इलास्टिकला ताण देऊन बघा, ग्लोव्हज ओढून बघा, दोन्ही जुने झाले की तुटतात. किटमधले ग्लोव्हज संपले म्हणून कुणीतरी "दोनच घेतो" म्हणून नेलेले असतात, ते भरा.

## ४. रोजचं टेबल पुसणं

स्पिल नसला तरी कामाआधी, कामानंतर आणि काही टपकलं तर लगेच. स्टॅफसारखे जिवाणू कोरड्या पृष्ठभागावर आठवडे, कधी महिनेसुद्धा टिकतात, तेव्हा "वाळलं म्हणजे मेलं" हे डोक्यातून काढा.

१. टेबल रिकामं करा. रॅक, पेनस्टँड, लूप (जिवाणू उचलायची तार) ठेवायचा स्टँड सगळं उचला. रॅकच्या पायाखाली जो गोल डाग उरतो ना, तिथेच गेल्या आठवड्यातलं सगळं असतं.

२. आधी साबणाच्या किंवा डिटर्जंटच्या पाण्याने धूळ, आगर (प्लेटमधलं जेलीसारखं खाद्य), डाग काढा, मग साध्या पाण्याने पुसा. घाणीवर औषध चालत नाही, आणि क्वॅट वापरणार असाल तर साबण राहिला की क्वॅट निकामी होतं.

३. औषध कापडावर किंवा टिश्यूवर ओता, टेबलावर फवारू नका. फवाऱ्याचे थेंब मधे मधे पडतात, बाकी जागा कोरडी राहते, वर हवेत उडतं ते वेगळंच.

४. स्वच्छ भागाकडून घाणेरड्या भागाकडे, वरून खाली, लांबून जवळ. एका दिशेने, नागमोडी, आधीच्या पट्ट्यावर थोडं चढवून. गोल गोल घासत बसलं की उचललेलं परत तिथेच लागतं.

५. ओलं ठेवा. लेबलवर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढी मिनिटं टेबल ओलं दिसलं पाहिजे. साध्या जिवाणूंना साधारण १० मिनिटं धरायला हरकत नाही. मधेच सुकायला लागलं तर परत ओलं करा.

६. हायपो वापरलं असेल तर वेळ झाल्यावर साध्या पाण्याने पुसून घ्या, स्टील असेल तर नक्कीच, नाहीतर त्यावर बारीक खड्डे पडतात आणि मग त्या खड्ड्यांत जिवाणू बसतात.

वापरलेलं कापड परत बादलीत बुडवायचं नाही. एक बुडवणं झालं की ती बादली औषधाची राहिली नाही.

मायक्रोस्कोप, कीबोर्ड, पिपेट यांना हायपो नको. बंद करा, प्लग काढा, ७०% अल्कोहोलने ओलसर केलेल्या वाइपने पुसा, दोनदा, कारण एकदात ते लवकर सुकतं. लेन्सला काय चालतं ते त्या मायक्रोस्कोपच्या पुस्तिकेत बघा. दाराचं हँडल, फ्रीजचं हँडल, फोन, लाइटची बटणं, ही यादी भिंतीवर लावा, रोज यांना कुणीच हात लावत नाही असं सगळे धरून चालतात.

## ५. सांडलं! पहिली पाच मिनिटं

आधी एक प्रश्न: किती आणि कसं? प्लेटवरून दोन-चार थेंब टेबलावर पडले, उडालं काही नाही, जिवाणू साधा आहे, तर खोली रिकामी करायची गरज नाही, सरळ खालच्या भाग ६ वर (झाकणं, ओतणं) जा. पण फ्लास्क खाली पडून फुटला, ट्यूब उंचावरून पडली, काच फुटून शिंतोडे उडाले, किंवा टीबी, ब्रुसेलासारखं श्वासातून लागणारं काही आहे, तर क्रम हा:

१. श्वास रोखा आणि मागे सरका. वाकून "कुठे कुठे गेलं" बघत बसू नका. बघायला नंतर वेळ आहे.

२. मोठ्याने सांगा. "स्पिल झालाय, बाहेर चला." लाज वाटते म्हणून गुपचूप पुसणारे लोक स्वतःबरोबर शेजाऱ्यालाही अडकवतात, ब्रुसेलासारखा जिवाणू तर फार थोड्या संख्येने आत गेला तरी आजार करतो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यालाही लागू शकतो.

३. जाताना बर्नर किंवा पंखा हाताशी असेल तर बंद करा. बायोसेफ्टी कॅबिनेट (कल्चरचं काम करायचं, हवा गाळणारं कपाट) चालू असेल तर चालूच ठेवा, ते हवा गाळतंय.

४. दारातच दूषित कोट काढा, ओली बाजू आत दुमडून, पिशवीत. बूट बघा. पँटचा खालचा भाग बघा. फ्लास्क टेबलावरून पडतो तेव्हा शिंतोडे गुडघ्यापर्यंत येतात आणि बहुतेक जण फक्त हात धुतात.

५. दार बंद, पाटी लावा, आत कोण होतं त्यांची नावं लिहून घ्या.

६. आधी माणूस, मग टेबल. डोळ्यात गेलं तर आयवॉशवर १५ मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून. त्वचेवर पडलं किंवा काच लागली तर साबण आणि वाहतं पाणी. जखम दाबून रक्त काढत बसू नका आणि त्वचेवर, जखमेवर हायपो ओतू नका, हे अजूनही लोक करतात. मग लगेच सुपरवायझर आणि डॉक्टर. औषध सुरू करायचं का नाही ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांना जिवाणूचं नाव सांगणारं कुणीतरी सोबत पाहिजे.

७. थांबा. किमान ३० मिनिटं कुणी आत जायचं नाही, हवेतले थेंब खाली बसू द्या किंवा बाहेर ओढले जाऊ द्या. टीबीचं कल्चर असेल तर तासभर तरी, आणि खोलीला हवा बाहेर ओढणारी यंत्रणाच नसेल तर हे थांबणं २४ तासांपर्यंत जाऊ शकतं, तो निर्णय बायोसेफ्टी ऑफिसरचा.

सावधान: सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच. "इन्क्युबेटरमध्ये माझ्या प्लेट आहेत", "फोन आत राहिला", "पाहुणे येणार आहेत". नाही म्हणजे नाही. दाराजवळ एक जण उभा करा.

## ६. आत जाणं, झाकणं, ओतणं, आणि परत थांबणं

या ३० मिनिटांत बाहेर बसून ताजं द्रावण बनवा आणि पीपीई घाला: शू कव्हर, गाऊन, मास्क, गॉगल, दोन जोड ग्लोव्हज, बाहेरचे गाऊनच्या बाहीवर ओढून. मास्क घातल्यावर जोरात श्वास सोडून बघा, नाकापाशी हवा लागते का.

आता एकट्याने जाऊ नका. एक काम करणारा, एक दाराशी वस्तू देणारा.

१. आधी नजर फिरवा, पुसू नका. शिंतोडे कुठपर्यंत गेलेत ते बघा, टेबलाची उभी बाजू, ड्रॉवरचं हँडल, खुर्चीचे पाय, भिंतीचा खालचा पट्टा. जेवढं दिसतंय त्याच्या बाहेर अजून थोडी जागा धरून हद्द ठरवा.

२. सांडलेल्यावर शोषक कागद हळूच ठेवा. टाकू नका, दाबू नका, घासू नका. पूर्ण झाकलं पाहिजे आणि कडेने थोडं बाहेर.

३. औषध ओतायला सुरुवात बाहेरच्या कडेपासून, गोल फिरत मध्याकडे. मध्यात ओतलं की ते डबकं बाहेर ढकललं जातं आणि स्पिल मोठा होतो. बाटली खाली धरून, कागदावरून वाहत जाईल असं ओता, उंचावरून धार नको. कागद चिंब झाला पाहिजे, ओलसर नाही.

४. टायमर लावा. ३० मिनिटं. स्पोर असतील तर तुमच्या नियमावलीत जास्त वेळ लिहिलेला असेल, तो घ्या.

५. मोकळ्या वेळात भोवतीचे शिंतोडे औषधात भिजवलेल्या टिश्यूने झाकत जा, आणि त्यांचा वेळ वेगळा मोजा.

तपासा: १५ मिनिटांनी कागदाच्या कडा बघा. मधलं ओलं असतं, कडा पांढऱ्या पडून वर वळायला लागतात, आणि तिथेच शिंतोडे सगळ्यात जास्त असतात. वळलेल्या कडेवर परत ओता, त्या भागाचा टायमर तिथून पुन्हा.

हायपोचा वास डोक्यात जायला लागला तर बाहेर या, वेळ तशीही चालूच आहे. तुम्ही समोर उभं राहिल्याने जिवाणू लवकर मरत नाहीत.

## ७. उचलणं

१. काच पहिली. चिमट्याने, मोठे तुकडे आधी, बारीक चुरा दोन पुठ्ठ्यांत पकडून. सरळ कडक डब्यात. दोन ग्लोव्हज घातलेत म्हणून हाताने काच उचलायची नाही, ग्लोव्हज काच थांबवत नाहीत.

२. कागद कडेकडून मध्याकडे दुमडत उचला, पिशवीत. पिशवी जवळ आणा, चिंब कागद हवेतून लांब नेत थेंब पाडू नका.

३. बाहेरचे ग्लोव्हज बदला. हे विसरलं जातं आणि मग त्याच हातांनी स्वच्छ बाटली धरली जाते.

४. आता ताज्या द्रावणाने पूर्ण हद्द परत पुसा, ओली ठेवा, १० मिनिटं. पहिल्या वेळचं औषध प्रोटीनशी झगडण्यात खर्च झालंय, खरं निर्जंतुकीकरण या दुसऱ्या फेरीत पूर्ण होतं. ही फेरी टाळणारे खूप आहेत.

५. वेळ झाला की साध्या पाण्याने पुसा, कोरडं करा. जमीन असेल तर झाडू अजिबात नको, कोरडा मॉपही नको.

## ८. बायोसेफ्टी कॅबिनेटच्या आत सांडलं तर

इथे उलटं आहे: पळायचं नाही, कॅबिनेट बंद करायचं नाही. हवा चालू असेपर्यंत जे उडालंय ते फिल्टरकडे जातंय, बटण बंद केलं की ते तुमच्या तोंडाकडे.

हात झटकन बाहेर काढू नका. आतल्या आत बाहेरचे ग्लोव्हज काढा, आतच पिशवीत टाका, मग हात सावकाश बाहेर. नवीन ग्लोव्हज घाला, बाही दूषित झाली असेल तर गाऊन बदला. कागद ठेवा, औषध ओता, वेळ द्या, उचला, हे सगळं वरच्यासारखंच. डोकं आत घालायचं नाही, मागची भिंत पुसायची असेल तर चिमट्यात किंवा काठीच्या टोकाला कापड धरा.

मग आतल्या सगळ्या वस्तू, बाटल्या, ट्यूब, पिपेट एकेक पुसून बाहेर. बाजूच्या भिंती, काचेची आतली बाजू, पुढची जाळी. आणि जाळीखालचा ट्रे! पातळ कल्चर जाळीतून खाली उतरतं, टेबल स्वच्छ करून लोक निघून जातात आणि खाली ट्रेमध्ये आठवडाभर सूप शिजत राहतं. ड्रेनचा कॉक बंद आहे का बघा, ट्रेमध्ये औषध भरा, वेळ द्या, मग खाली भांडं लावून कॉक उघडा, पाण्याने धुवा. सगळं झालं की कॅबिनेट रिकामं किमान १० मिनिटं चालू द्या, मग काम.

सावधान: कॅबिनेटमध्ये भरपूर अल्कोहोल ओतू नका. आत हवा फिरत असते, वाफ साठते, आणि कुणी बर्नर किंवा लूप गरम करायचं यंत्र लावलं की भडका. यूव्ही दिवा पुसण्याला पर्याय नाही, सावलीत आणि थेंबाच्या आत तो पोचत नाही.

## ९. सेंट्रीफ्यूजमध्ये ट्यूब फुटली

सेंट्रीफ्यूजचा (ट्यूब वेगाने फिरवायचं यंत्र) आवाज बदलला, थरथर आली की आधी बंद करा, आणि झाकण उघडू नका. ३० मिनिटं तसंच. थांबल्यावर उघडून बघितलं आणि फुटलेलं दिसलं तर परत बंद, खोली रिकामी, ३० मिनिटं. झाकणवाल्या सीलबंद बकेट असतील तर त्या बंदच काढून कॅबिनेटमध्ये नेऊन उघडा, टीबीच्या कामाला अशा बकेटशिवाय फिरवूच नका.

काचेचे तुकडे चिमट्याने. रोटर आणि बकेट अॅल्युमिनियमचे असतील तर हायपो नको, धातू खातं आणि पुढे कधीतरी तोच रोटर पूर्ण वेगात तडकतो. बनवणाऱ्या कंपनीने जे औषध चालतं म्हटलंय त्यात भिजवा. आतलं भांडं त्याच औषधाने दोनदा पुसा, मग पाणी, मग कोरडं. झाकणाच्या रबरी रिंगच्या खाचेत टिश्यू फिरवायला विसरू नका. न फुटलेल्या शेजारच्या ट्यूबही बाहेरून दूषितच धरायच्या.

## १०. कचरा, पीपीई आणि नोंद

हायपोने निथळणारे कागद ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, गरम झाल्यावर क्लोरीनची वाफ निघते आणि ऑटोक्लेव्हचं स्टीलही खराब होतं. जिथे कचरा नंतर ऑटोक्लेव्ह करायचाच आहे, टीबीसाठी वगैरे, तिथे स्पिललाच ऑटोक्लेव्हला चालेल असं औषध निवडा, म्हणजे हा प्रश्न भाग १ मध्येच सुटला पाहिजे. ऑटोक्लेव्हला १२१ अंश, वेळ मोजायला सुरुवात तापमान गाठल्यावर, पिशवीचं तोंड थोडं सैल म्हणजे वाफ आत जाते. गच्च भरलेल्या पिशवीला १५ मिनिटं पुरत नाहीत, ३० ते ६० लागतात. पिशवीवरच्या ऑटोक्लेव्ह टेपवर काळ्या रेषा आल्या म्हणजे पिशवी बाहेरून तापली एवढंच, आतपर्यंत मेलं का ते स्पोरच्या इंडिकेटरनेच कळतं.

पीपीई काढायचा क्रम: शू कव्हर, बाहेरचे ग्लोव्हज, गाऊन (आतली बाजू बाहेर गुंडाळत), गॉगल, आतले ग्लोव्हज. हात धुवा. मास्क सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर, मागच्या इलास्टिकला धरून, पुढे हात न लावता. परत हात, साबण आणि पाणी, ४० ते ६० सेकंद, अंगठे आणि नखांसकट. स्पोर असतील तर सॅनिटायझर चालत नाही, धुवायलाच हवं.

नोंदीत एवढं पाहिजे: तारीख, वेळ, जिवाणूचं नाव, अंदाजे किती मिली, कुठे सांडलं, औषध कुठलं आणि किती टक्के, किती मिनिटं ठेवलं, खोलीत कोण होतं, कुणाला लागलं किंवा उडालं. "स्पिल झाला, साफ केला" ही नोंद नाही. टीबी किंवा ब्रुसेला असेल तर त्या नावांपैकी प्रत्येकाला डॉक्टरकडे पाठवायचं आहे, आणि या आजारांची लक्षणं आठवड्यांनी, महिन्यांनीही येऊ शकतात, तेव्हा ताप आलेल्या माणसाने आपल्या डॉक्टरला "मी लॅबमध्ये होतो" हे सांगायला हवं, नाहीतर साध्या तापाच्या गोळ्या घेऊन घरी बसेल.

किटमधलं जे वापरलं ते त्याच दिवशी भरा आणि दारावरची पाटी काढायच्या आधी जागा मोकळी झाल्याचं सुपरवायझरची सही घेऊन लिहा.